‘योग्य वेळी’ आणि ‘सर्वसाधारणपणे’

हैदराबादेतले नल्लकुंटा आमच्या सीमाभागातील वाचकांना नवे नाही. धर्माबाद, उमरी, मुदखेडकडची माणसे रेल्वेने काचीगुड्याला उतरतात आणि बरोबर ताप न उतरणारा रुग्ण असेल तर रिक्षावाल्याला ‘कोरंटी दवाखाना’ एवढेच सांगतात. सरकारी पाटीवर त्या रुग्णालयाला सर रोनाल्ड रॉस यांचे लांबलचक नाव आहे. लोकांनी मात्र ‘क्वारंटाईन’चे ‘कोरंटी’ केले आणि तेच टिकले. नल्लकुंटा हे नावही असेच साधे, तेलुगूत त्याचा अर्थ काळे तळे. काचीगुडा ते नल्लकुंटा या पट्ट्यात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली. घरात मराठी, शेजारी तेलुगू आणि बाजारात दख्खनी असा त्यांचा दिवस जातो. अशा वस्तीतला माणूस शब्दांच्या बाबतीत सावध असतो. एका भाषेत ऐकलेले दुसऱ्या भाषेत सांगताना काय गळते आणि काय नव्याने चिकटते, हे त्याला रोज दिसते. आघाडीची सरकारे जनतेशी कशी बोलतात, या प्रश्नाला आम्ही मुंबई-दिल्लीऐवजी नल्लकुंट्यातून हात घालत आहोत, त्याचे कारण हेच. आघाडीच्या एका वाक्याची किंमत या वस्तीने आणि तिच्या शेजारच्या उस्मानिया विद्यापीठाने दहा वर्षे मोजली आहे.

ते वाक्य २००४ सालचे. त्या वर्षी काँग्रेस आणि तेलंगण राष्ट्र समिती यांनी एकत्र निवडणूक लढविली. आंध्र प्रदेशात काँग्रेसचे सरकार आले, समितीचे आमदार त्यात मंत्री झाले. केंद्रात संयुक्त पुरोगामी आघाडीचे सरकार आले, त्यात समितीचे नेते के. चंद्रशेखर राव मंत्री झाले. या आघाडीने किमान समान कार्यक्रम प्रसिद्ध केला. त्यात तेलंगण राज्याच्या मागणीबद्दल जे लिहिले होते त्याचा आशय असा : योग्य वेळी, विचारविनिमय करून आणि सहमती झाल्यावर या मागणीचा विचार करण्यात येईल.

वाचकांनी हे वाक्य सावकाश वाचून पाहावे.  विचार केव्हा करणार, ते सांगितलेले नाही. सहमती कोणाकोणाची लागेल, हे तर मुळीच नाही. विचार करणे म्हणजे देणे की नाकारणे, तेही मोकळेच. आणि तरीही ते वाक्य लिहिणारे अडाणी नव्हते. उलट, एवढी कसलेली वाक्यरचना आमच्या वकील मित्रांनाही जमत नाही. कारण या एका वाक्याला चार घरची धुणी धुवायची होती. तेलंगण राष्ट्र समितीला आपल्या मतदारांपुढे ‘राज्य आले’ म्हणून उभे राहायचे होते. काँग्रेसला विजयवाडा-गुंटूरकडील आपल्या आमदारांना ‘काळजी नको’ म्हणून सांगायचे होते. बाहेरून पाठिंबा देणारा मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष भाषावार राज्य तोडण्याच्या विरोधात होता, त्याला दुखवायचे नव्हते. आणि सरकार तर पाच वर्षे चालवायचे होते. चौघांनाही आपापल्या मनासारखे ऐकू येईल असे वाक्य तयार झाले, आणि ते तयार झाले त्याच क्षणी त्याचा अर्थ संपला.

पुढे व्हायचे तेच झाले. प्रणव मुखर्जी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, पत्रांची देवाणघेवाण झाली, ‘योग्य वेळ’ काही येईना. २००५ साली तेलंगण राष्ट्र समितीचे मंत्री राज्य सरकारातून बाहेर पडले, २००६ साली चंद्रशेखर राव केंद्रातूनही बाहेर आले. मित्रपक्षाने मित्रावर फसवणुकीचा आरोप केला. मित्राने कार्यक्रमातले वाक्य दाखविले आणि आपण शब्द मोडलेला नाही असे सांगितले. गंमत अशी की दोघेही आपापल्या परीने खरे बोलत होते! वाक्यच तसे होते.

२००९ च्या डिसेंबरात या प्रकरणाने उग्र रूप धारण केले. तेव्हा केंद्रात आघाडीच होती, राज्यात मात्र काँग्रेसचे एकट्याचे सरकार होते, आणि तेलंगण राष्ट्र समिती दोहोंच्या बाहेर होती, हे नमूद केले पाहिजे. चंद्रशेखर राव यांचे उपोषण सुरू होते, उस्मानिया विद्यापीठाच्या आवारात विद्यार्थी आणि पोलीस समोरासमोर होते. ९ डिसेंबरला रात्री उशिरा केंद्रीय गृहमंत्री पी. चिदंबरम यांनी दिल्लीत निवेदन केले : तेलंगण राज्य निर्मितीची प्रक्रिया सुरू करण्यात येईल. विद्यापीठात मध्यरात्री गुलाल उधळला गेला. सकाळ होताच किनारी आंध्र व रायलसीमेतील आमदारांचे राजीनामे सुरू झाले. त्यात काँग्रेसचेच आमदार मोठ्या संख्येने होते. दोनच दिवस आधी, ७ डिसेंबरला, हैदराबादेत सर्वपक्षीय बैठक झाली होती आणि बहुतेक पक्षांनी तिथे विरोध न करण्याची भूमिका घेतली होती. आता त्यांनीच घूमजाव केले. २३ डिसेंबरला गृहमंत्र्यांनी दुसरे निवेदन केले. परिस्थिती बदलली आहे, सर्वांशी व्यापक विचारविनिमय आवश्यक आहे, असे त्याचे सार होते. दोन निवेदनांत चौदा दिवसांचे अंतर. पहिल्या निवेदनावर विश्वास ठेवणारा विद्यार्थी दुसऱ्या निवेदनानंतर काय समजला असेल?

त्या काळात तेलंगणातल्या कित्येक तरुणांनी जीव दिला. किती, याचे आकडे वेगवेगळे सांगितले जातात आणि त्या वादात आम्ही पडत नाही. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांची समिती २०१० च्या फेब्रुवारीत नेमण्यात आली. तिने वर्षअखेरीस अहवाल दिला आणि त्यात एक नव्हे, सहा पर्याय मांडले. एक प्रकरण तर बंद पाकिटात दिले. राज्य अखेर २ जून २०१४ रोजी अस्तित्वात आले. ‘योग्य वेळ’ यायला दहा वर्षे लागली. दरम्यान ज्यांची परीक्षा बुडाली, ज्यांच्या दुकानाची कुलपे बंदच्या दिवशी उघडली नाहीत, ज्यांना दवाखान्यापर्यंत पोहोचायला रिक्षा मिळाली नाही, त्यांच्या दहा वर्षांचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

हैदराबादला अशा वाक्यांची सवय त्याही आधीपासूनची आहे. १९५६ साली तेलंगण आणि आंध्र एकत्र येताना दोन्हीकडच्या नेत्यांनी दिल्लीत ‘सद्‌गृहस्थांचा करार’ केला. एकीकडचा मुख्यमंत्री असेल तर दुसरीकडचा उपमुख्यमंत्री व्हावा, असे त्यात ठरले होते. उर्दूचे प्रशासनातील स्थान काही वर्षे राखण्याचे कलमही होते. पण पहिले मुख्यमंत्री नीलम संजीव रेड्डी यांनी उपमुख्यमंत्रिपदाची संभावना हाताचे सहावे बोट अशी केल्याचे सांगतात, आणि पहिल्या मंत्रिमंडळात ते पद भरलेच गेले नाही. आमच्या महाराष्ट्राने २०२३ साली एकाच वेळी दोन उपमुख्यमंत्री पाहिले. म्हणजे सहाव्या बोटाची अडचण कोणाला वाटेनाशी झाली आहे. असो.

कोणी म्हणेल, हे शेजारच्या राज्याचे पुराण आम्हांस कशाला? महाराष्ट्राचीच गोष्ट घेऊ, आणि तीही भाषेची. १६ एप्रिल २०२५ रोजी महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागाने शासन निर्णय काढून मराठी व इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य केली. विरोध झाला. १७ जून रोजी सुधारित शासन निर्णय आला. त्यात ‘अनिवार्य’ हा शब्द गेला आणि हिंदी ‘सर्वसाधारणपणे’ तिसरी भाषा असेल असे शब्द आले. दुसरी भारतीय भाषा हवी असेल तर त्या इयत्तेत किमान वीस विद्यार्थ्यांनी ती मागितली पाहिजे, अशी अट आली. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस भारतीय जनता पक्षाचे. शिक्षणमंत्री दादा भुसे एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेचे. तिसऱ्या मित्रपक्षाचे नेते व उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी मात्र हिंदी पहिलीपासून नको, पाचवीपासून असावी, असे जाहीरपणे सांगितले. सत्ताधारी म्हणाले की, या साऱ्याचे मूळ उद्धव ठाकरे यांच्या आघाडी सरकारने नेमलेल्या माशेलकर समितीच्या अहवालात आहे. ठाकरे यांनी ते नाकारले. म्हणजे एका आघाडीचा निर्णय, दुसऱ्या आघाडीचा अहवाल, आणि मध्ये पहिलीतले पोर! शेवटी २९ जून रोजी दोन्ही शासन निर्णय रद्द झाले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याची घोषणा झाली.

मुंबईत या घटनेचा विजय मेळावा झाला, भाषणे झाली. आम्हांला मात्र देगलूर-बिलोलीकडच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतील मुख्याध्यापक दिसतो. त्याच्या हातात दहा आठवड्यांत दोन शासन निर्णय आले आणि दोन्ही रद्द झाले. ‘सर्वसाधारणपणे’ म्हणजे काय, हे पालकांनी विचारले तर त्याने काय सांगावे? आपल्या गावातली कित्येक मुले बाजारात तेलुगू किंवा कन्नड ऐकतच मोठी होतात. तिसरी भाषा घ्यायचीच असेल तर शेजारच्या राज्याची का नको, हा प्रश्न सीमेवरच्या पालकाला पडणे स्वाभाविक आहे. त्याच्यासाठी वीस विद्यार्थ्यांची अट होती. ज्या शाळेत पहिलीचा सगळा पट वीस भरत नाही, तिथे ही अट म्हणजे नकारच. पण तो नकार कोणत्याही पक्षाने, कोणत्याही मंत्र्याने तोंडाने उच्चारलेला नाही. सीमाभागातील पालकांनी काय हवे ते सांगावे, अशी विचारणाही आमच्या पाहण्यात आली नाही.

यावर एक सोपे उत्तर नेहमी दिले जाते की, एकपक्षीय सरकार आणा, म्हणजे सगळे स्पष्ट होईल. तेलंगणात २०१८ साली चंद्रशेखर राव यांच्या एकपक्षीय सरकारने शाळांत पहिली ते दहावी तेलुगू अनिवार्य करणारा कायदा केला. त्यात ‘सर्वसाधारणपणे’ नाही. नल्लकुंट्यातल्या मराठी पालकाला त्या दिवशी कळले की आपल्या मुलाला तेलुगू लिहायला शिकावेच लागणार. आदिलाबादेतील मराठी शाळांनाही ते कळले. त्या कायद्याने मराठी शिकू पाहणाऱ्या मुलावर ओझे वाढविले, हे आमचे मत आहे. पण काय ठरले आणि कोणी ठरविले हे त्यातून कळते, आणि ज्याला भांडायचे आहे त्याला कोणाशी भांडायचे ते कळते. उलट महाराष्ट्रातले दोन शासन निर्णय मागे गेले, त्याला सरकारातल्या मित्रपक्षांचा वेगळा सूरही काही अंशी कारणीभूत झाला. एका पक्षाचे सरकार असते तर कदाचित ते रेटून नेले गेले असते. तेव्हा आघाडीत मतभेद असतात हा आमचा आक्षेप नाही. मतभेद असावेत, आणि ते उघड असावेत. मतभेद मिटले नसताना मिटल्याचे भासविणारा शब्द शासन निर्णयात घालणे, आणि मग प्रत्येक पक्षाने आपापल्या तालुक्यात त्याचा वेगळा अर्थ सांगणे, याला आमचा आक्षेप आहे.

असे का होते, हे समजून घेतले पाहिजे. राज्यघटनेच्या १६४ व्या अनुच्छेदानुसार मंत्रिमंडळ विधानसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार असते. कायद्याने सरकारचा आवाज एक. प्रत्यक्षात खाती पक्षवार वाटलेली असतात, प्रत्येक खात्याला आपल्या पक्षाची प्रसिद्धी हवी असते, आणि पुढची निवडणूक एकमेकांविरुद्धही लढवावी लागेल ही धास्ती प्रत्येकाच्या मनात असते. आमच्या कार्यालयात एकाच निर्णयाची तीन प्रसिद्धिपत्रके येतात आणि तिन्हींत श्रेय वेगळ्या नेत्याचे असते. निर्णय अंगाशी आला की मात्र एकही येत नाही. मतभेद मिटवायला समन्वय समिती असते. ती बंद दाराआड बसते आणि तिथे काय ठरले हे बाहेर पडणाऱ्या नेत्याच्या चेहऱ्यावरून ओळखावे लागते. १९९५ च्या युती सरकारात तर सरकारचा ‘रिमोट कंट्रोल’ मंत्रालयाबाहेर असल्याचे शिवसेनाप्रमुख स्वतःच सांगत. त्यात निदान आडपडदा नव्हता. जानेवारी २०२१ मध्ये महाविकास आघाडी सत्तेवर असताना मुख्यमंत्री कार्यालयाच्या ट्विटर खात्यावरून औरंगाबादचा उल्लेख ‘संभाजीनगर’ असा झाला आणि त्याच सरकारातले काँग्रेसचे मंत्री बाळासाहेब थोरात यांनी जाहीर हरकत घेतली. एका शहराचे नाव काय, यावर सरकारला दोन तोंडे होती. त्याच सरकारने २९ जून २०२२ रोजी, पडता पडता, नामांतराचा ठराव केला.

एका बाबतीत मात्र आघाड्यांना एकमत सहज साधते. ती बाब म्हणजे सीमेपलीकडच्याला आवाज देणे. कर्नाटकात २००६ साली कुमारस्वामी यांच्या जनता दल-भाजप सरकारने बेळगावात पहिल्यांदा विधिमंडळाचे अधिवेशन भरविले, तेव्हा दोन्ही पक्ष एका सुरात बोलले. महाराष्ट्रात २७ डिसेंबर २०२२ रोजी ८६५ गावांबाबतचा ठराव विधिमंडळात एकमताने झाला. बिदर, भालकीचे आमचे बांधव त्यात येतात, त्यांना त्याचा आनंद झाला आणि तो रास्तच होता. पण त्याच महिन्यात दोन समन्वयक मंत्र्यांचा बेळगाव दौरा आधी ३ तारखेला ठरला, मग ६ तारखेला ठरला आणि मग झालाच नाही. ठरावात तारीख नसते, दौऱ्यात असते.

तारखेचे महत्त्व धर्माबाद तालुक्याला सांगायला नको. बाभळी बंधाऱ्याचा वाद दोन राज्यांत वर्षानुवर्षे पेटत राहिला, नेत्यांना अटक झाली, बसगाड्या अडल्या. २८ फेब्रुवारी २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. त्यात १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवायचे, १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडायचे, असे तारीखवार लिहिले आहे. या निकालावर आमच्या शेतकऱ्यांची नाराजी आहे, पावसाळ्यात वाहून जाणारे पाणी डोळ्यांनी पाहावे लागते म्हणून ती खरीही आहे. पण बाभळीकाठच्या निरक्षर म्हाताऱ्यालाही दरवाजे कधी उघडणार ते तोंडपाठ आहे. पेरणीचा बेत तो त्यावर करतो. ‘दरवाजे योग्य वेळी उघडण्यात येतील’ असे लिहिले असते, तर दरवर्षी काय झाले असते?

भाषेवरून सरकारे अडणे ही काही आपल्याकडचीच रीत नाही. युरोपात बेल्जियम नावाचा छोटा देश आहे, एका बाजूला डच बोलणारे, दुसऱ्या बाजूला फ्रेंच बोलणारे, मध्ये भाषेची रेघ. २०१० च्या जूनमध्ये निवडणूक झाली आणि ५४१ दिवस तिथे सरकारच बनू शकले नाही. राजधानीभोवतीच्या एका मतदारसंघाचे भाषेनुसार विभाजन करायचे की नाही, हा भांडणातला एक मोठा मुद्दा होता. अखेर सहा पक्षांची आघाडी झाली. ती होण्याआधी त्यांनी काय करायचे ते कलमवार लिहिले, ते डच आणि फ्रेंच अशा दोन्ही भाषांत उपलब्ध झाले, आणि २०१२ साली तो मतदारसंघ विभागलाही गेला. दीड वर्ष सरकारवाचून काढणे कोणाला परवडत नाही, आणि त्याचे कौतुक आम्ही करणार नाही. परंतु आधी भांडून मग लिहिणे आणि आधी लिहून मग दहा वर्षे भांडणे, यांतले कोणते महाग पडते, याचा हिशेब तेलंगणाने दाखविला आहे.

आता हातघाईवर आलेला विषय. चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यातील चौदा गावे. किनवट आणि राजुरा हे तालुके १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होते. तेव्हाची रेघ ओढताना जे धूसर राहिले, ते या डोंगरातल्या गावांच्या वाट्याला आले. परमडोली, मुकदमगुडा, अंतापूर, महाराजगुडा यांसारख्या गावांत बहुतेक मराठी बोलणारी माणसे आहेत. त्यांच्याकडे दोन राज्यांची शिधापत्रिका आहेत, दोन्हीकडे मतदान आहे, दोन्हीकडच्या योजना पोहोचतात आणि जमिनीच्या पट्ट्याचे काम दोन्हीकडे अडते. २०२५ च्या जुलैत महाराष्ट्राच्या महसूलमंत्र्यांनी ही गावे महाराष्ट्रात सामावून घेण्याची प्रक्रिया सुरू असल्याचे सांगितले. चांगले झाले. पण ‘प्रक्रिया सुरू’ हे शब्द वाचताच आम्हांला ९ डिसेंबर २००९ ची रात्र आठवते. तेही शब्द तेच होते.

धर्माबाद-बिलोलीकडच्या काही गावांनी २०१८ च्या सुमारास तेलंगणात जाण्याची मागणी केली होती, ती का केली याचेही उत्तर यात आहे. पलीकडे शेतकऱ्याला एकरी किती रुपये मिळणार आणि केव्हा, हे त्याला तेलुगूत का होईना, आकड्यात सांगितले जात होते. अलीकडे मराठीत आश्वासन मिळत होते. आपल्या भाषेतल्या सरकारपेक्षा परक्या भाषेतला आकडा जवळचा वाटावा, ही मराठीच्या कैवाऱ्यांनी विचार करण्याजोगी गोष्ट आहे.

म्हणून आमची मागणी मोघम नाही. चौदा गावांबद्दल आणि सीमाभागातल्या शाळांतील तिसऱ्या भाषेबद्दल मंत्रिमंडळाने जे ठरविले असेल, ते मराठीत आणि शेजारच्या राज्याच्या भाषेत एकाच दिवशी प्रसिद्ध करावे. मराठी मजकूर आधी लिहिला जावा. इंग्रजीतून उतरविलेला, तहसीलदारालाही न उमजणारा नको. त्यात कोणत्या तारखेपर्यंत काय होईल ते असावे, आणि उत्तर कोणत्या मंत्र्याने द्यायचे त्याचे नाव असावे. मित्रपक्षांपैकी कोणाचे मत वेगळे असेल तर तेही तिथेच लिहावे. आमचे वाचक दोन भाषा आणि दोन सरकारे सांभाळून संसार करतात, तेव्हा एका सरकारातली दोन मते त्यांना झेपतील. समन्वय समितीच्या बैठकीत सीमाभागाबद्दल जे ठरते त्याचे इतिवृत्त विधिमंडळाच्या पटलावर ठेवावे. आणि हा कागद मुंबईच्या पत्रकार परिषदेत वाटून न थांबता ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आणि शाळेच्या भिंतीवर लावावा, ग्रामसभेत वाचून दाखवावा. पुढच्या जूनमध्ये शाळा उघडतील. पहिलीत नाव घालायला येणाऱ्या बापाला तिसरी भाषा कोणती, हे मुख्याध्यापकाने त्या दिवशी एका शब्दात सांगता आले पाहिजे, आणि परमडोलीच्या शेतकऱ्याला सातबारा कोणत्या तहसीलीतून आणायचा, हे त्याला पेरणीआधी कळले पाहिजे.